‘डेटा ९४ टक्के पूर्ण’ म्हणजे नक्की काय? कॅन्सरच्या नोंदींची पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मोठ्या हॉस्पिटलमधून २०१२ ते २०२२ या काळातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या काही हजार रुग्णांची एक्सेल फाइल मिळाली आहे. सोबतच्या टिपणात ‘डेटा ९४ टक्के पूर्ण’ असं लिहिलंय. कुठल्या स्टेजचे रुग्ण किती जगले हे तुम्हाला काढायचंय. त्यासाठी हा डेटा चालेल का, आणि स्टेजच्या रिकाम्या जागा सॉफ्टवेअरकडून भरून घेतल्या तर चालतील का?

मी वीसएक वर्षं याच कामात आहे. आधी केसपेपर वाचून कोड टाकायचो, आता दुसऱ्यांनी टाकलेले कोड तपासतो. त्या ९४ टक्क्यांवरून मला काहीही कळलं नाही, आणि तुम्हालाही कळायला नको. डेटा सरसकट चांगला किंवा वाईट नसतो. त्याच फाइलमधला एक रकाना डोळे झाकून वापरता येतो आणि शेजारचा हातात धरवत नाही. प्रत्येक रकान्याबद्दल मी तीनच गोष्टी विचारतो: ही नोंद कुणी केली, कधी केली आणि कशासाठी केली. संशोधनासाठी केलेली नोंद तुमच्या फाइलमध्ये बहुधा एकही नसेल. कुणी बिलासाठी केली असेल, कुणी सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी, कुणी पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून.

एक उदाहरण सांगतो. एका हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ‘तंबाखू’ हा रकाना शंभर टक्के भरलेला होता. एकही जागा रिकामी नाही. पण गालाच्या कॅन्सरच्या बायकांपुढे बहुतेक ठिकाणी ‘नाही’. मला ते पटेना, म्हणून दोन दिवस केसपेपरच्या खिडकीशी जाऊन बसलो. मागे मोठी रांग, क्लार्क विचारतो, “मावशी, तंबाखू खाता का?” “नाय बाबा.” मावशींचे दात काळेभोर. बाहेर बाकावर बसून मी विचारलं, “मिश्री लावता का?” “ती तर लहानपणापासनं. सकाळी आन् दुपारच्याला.” मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, पण ती त्या खात नव्हत्या, दातांना लावत होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत कळली. सॉफ्टवेअरमध्ये त्या जागी ‘नाही’ आधीच निवडलेलं यायचं, आणि गर्दी वाढली की क्लार्क विचारायचाही नाही, सरळ एंटर दाबायचा. रकाना शंभर टक्के भरायचा तो असा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे रिकामी जागा, ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ या चार गोष्टी तुमच्या फाइलमध्ये वेगळ्या आहेत का ते बघा. नसतील तर पूर्णतेचा टक्का कुणी कितीही सांगो, त्याला अर्थ नाही. डेटा एन्ट्रीचा स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आधीच निवडलेले पर्याय कुठे आहेत ते टिपून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते करणारे फार थोडे.

वयाच्या रकान्यावर फार वेळ घालवू नका, पण एकदा आलेख काढा. ४५, ५०, ५५, ६० वर सुळके दिसतील, कारण “वय किती?” याचं उत्तर “असेल साठ” असं येतं. जन्मतारीख असेल तर १ जूनला जन्मलेले किती ते मोजा. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे, आणि ती आता कॅन्सरच्या वयात आली आहे. तुमच्या कामाला चार-दोन वर्षांच्या चुकीने फार बिघडणार नाही. दोन फाइली जुळवताना मात्र जन्मतारखेवर भरवसा ठेवलात तर फसाल.

आता स्टेज. तुमचा सगळा अभ्यास याच रकान्यावर उभा आहे, आणि तुमच्या फाइलचा काळ नेमका अडचणीचा आहे. स्टेज ठरते टीएनएम नियमांनी: टी म्हणजे मूळ गाठ केवढी, एन म्हणजे मानेतल्या लसीका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) रोग किती, एम म्हणजे दूर कुठे पसरलाय का. या नियमांची आठवी आवृत्ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली, आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तिने मोठा बदल केला. त्याआधी गाठीची लांबी-रुंदी पाहून टी ठरायचा. आठव्या आवृत्तीत गाठ किती खोल गेली आहे तेही धरायला लागले, आणि मानेतल्या लसीका गाठीच्या आवरणाबाहेर रोग गेलाय का याला एन ठरवताना वजन आलं. दीड सेंटिमीटरची, सात मिलिमीटर खोल गेलेली गाठ घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये ती टी१ होती. तीच गाठ दोन महिन्यांनी टी२. रुग्ण तोच, रोग तोच, फाइलमधला आकडा वेगळा.

याचा परिणाम अंगावर येईल असा होतो. जुन्या टी१ मधले जरा वाईट रुग्ण टी२ मध्ये सरकले की उरलेल्या टी१ चा निकाल सुधारतो. आणि टी२ मध्ये हे नवे आलेले तिथल्या जुन्यांपेक्षा बरे असल्यामुळे टी२ चाही निकाल सुधारतो. दोन्ही रकाने चढले, माणूस एकही जास्त जगला नाही. १९८५ साली फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला विल रॉजर्स या अमेरिकन विनोदी कलावंताचं नाव दिलं. अमुक लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्याने दोन्ही राज्यांची सरासरी अक्कल वाढली, असा काहीसा त्याच्या नावावर खपणारा विनोद आहे. २०१८ नंतर स्टेजनुसार निकाल सुधारले असं तुमच्या फाइलमधून निघालं, तर पेढे वाटण्याआधी हे आठवा.

उपाय आहे, पण मेहनतीचा. स्टेज न मागता ती ज्यावरून ठरली ते मागा: गाठीचं माप, खोली, मानेतल्या किती लसीका गाठी काढल्या, त्यांत किती लागण झालेल्या. मग सगळ्यांना एकाच आवृत्तीने स्वतः स्टेज लावा. काढलेली गाठ तपासून दिलेल्या जुन्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये बरेचदा ‘जाडी’ लिहिलेली असते. जाडी आणि खोली एक नव्हे. गाठ वर फुगलेली असेल तर जाडी जास्त भरते, व्रण पडून खड्डा झाला असेल तर कमी. जाडीचा आकडा उचलून खोलीच्या रकान्यात टाकणारे मी पाहिले आहेत. तुम्ही तसं करू नका.

शिवाय तुमच्या फाइलमध्ये ‘स्टेज’ असा एकच रकाना दिसतोय. ती ऑपरेशनआधी तपासून, स्कॅन बघून ठरवलेली, की ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीने सांगितलेली? बाहेरून मान साफ वाटते आणि काढलेल्या गाठींत रोग सापडतो, असं नेहमी होतं. ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही त्यांच्याकडे फक्त पहिली स्टेज असते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या असतील तर ‘स्टेज तीन’ या शब्दाचा अर्थ रुग्णागणिक बदलतो.

वेळ कुठून मोजायची हाही असाच घोळ. लातूरला एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) झाली, सोलापुरात बायोप्सी, मुंबईत स्लाइड पुन्हा पाहिली, त्यानंतर नाव नोंदवलं. निदानाची तारीख कोणती? कॅन्सर रजिस्ट्रीच्या, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांच्या कायमच्या नोंदवहीच्या, नियमाने सूक्ष्मदर्शकाखाली रोग पहिल्यांदा पक्का झाला ती. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा नोंदणीची तारीखच निदानाची म्हणून जाते. मधल्या तीन महिन्यांत जे गेले ते तुमच्या फाइलमध्ये कधी आलेच नाहीत. जे आले ते तेवढा प्रवास करण्याइतके धडधाकट होते. त्यातच बाहेर ऑपरेशन करून, रोग उलटल्यावर इथे आलेले रुग्णही ‘नवीन केस’ म्हणून बसलेले असतात. त्यांना वेगळं काढा. कसं ओळखायचं? नोंदणीची तारीख आहे, पहिल्याच नोटमध्ये मानेवर जुन्या टाक्यांची खूण लिहिली आहे, आणि आपल्या ऑपरेशन रजिस्टरमध्ये नाव नाही. केसपेपर उघडल्याशिवाय हे दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मृत्यूच्या रकान्यावर घालवा. हॉस्पिटलला फक्त आपल्या वॉर्डात झालेले मृत्यू माहीत असतात, आणि कॅन्सरचा रुग्ण शेवटी घरी जातो. घरच्यांनाच न्यायचं असतं. फाइलमध्ये तो माणूस ‘जिवंत’ राहतो, कारण मेल्याचं कुणी कळवलेलं नसतं. शंभर रुग्ण धरा. तिसांचा मृत्यू नोंदलेला, चाळीस पाच वर्षांनी समोर बसलेले दिसले, तीस जणांचा पत्ता नाही. पत्ता नसलेले सगळे जिवंत मानले तर पाच वर्षं जगणारे ७० टक्के, सगळे गेले मानले तर ४०. खरा आकडा या मोठ्या फटीत कुठेतरी आहे. सर्व्हायव्हलचं गणित करणारं सॉफ्टवेअर मात्र हसत हसत दशांश चिन्हासह एक उत्तर देतं. ते असं गृहीत धरतं की येणं बंद केलेले रुग्ण आणि येत राहिलेले रुग्ण यांचं नशीब सारखंच. काही जण बरं वाटतंय म्हणून यायचे थांबतात, काही जण उठवत नाही म्हणून. तुमच्याकडे कोण जास्त, ते शोधावं लागतं.

शोधायचं म्हणजे फोन करायचे. आम्ही एकदा अशाच हरवलेल्या रुग्णांच्या नंबरांवर फोन लावत बसलो होतो. काही नंबर बंद, काही रुग्णाला आणणाऱ्या गाडीवाल्याचे, एक तर गावातल्या मेडिकल दुकानाचा. लागला की संवाद साधारण असा:

“काका आहेत का?”

“काका? ते गेले की. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“कोणत्या वर्षीच्या पोळ्याला?”

“धाकटीचं लग्न झालं ना, त्याच्या आदल्या.”

मग धाकटीच्या लग्नाचं वर्ष, मग जुनं कालनिर्णय. बहुतेक ठिकाणी पोळा श्रावणी अमावास्येला, पण काही भागांत भाद्रपदी असतो, म्हणजे गाव कुठलं हेही विचारायचं. आमच्या टेबलावर दहा-बारा वर्षांची कालनिर्णयं रचलेली असायची, आणि नवा मुलगा रुजू झाला की आधी त्याला त्यातून तारीख काढायला शिकवायचो. महिना सापडला आणि दिवस सापडला नाही, तर १५ तारीख टाकायची अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून मृत्यूच्या तारखांचा आलेख काढा. १५ वर सुळका दिसला तर घाबरू नका, उलट बरं वाटू द्या: कुणीतरी फोन केले होते. सुळका नोंदणीच्या किंवा शेवटच्या भेटीच्या तारखेवर असेल, म्हणजे मृत्यूची तारीख आणि शेवटची भेट एकच असेल, तर ती तारीख सॉफ्टवेअरने उचलून टाकली आहे.

मृत्यूच्या कारणाच्या भानगडीत पडू नका. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले फक्त २२.५ टक्के होते. केलेल्यांतही ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे’ असं लिहिलेलं सर्टिफिकेट हमखास भेटतं, आणि ते कुणाच्या बाबतीत खोटं असतं सांगा? तुम्ही कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू धरा, आणि वयाचा हिशेब त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या मृत्युदराशी तुलना करून लावा. डेन्मार्कमध्ये कॅन्सर रजिस्ट्री १९४३ पासून आहे आणि १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला क्रमांक आहे, त्यामुळे तिथला संशोधक मृत्यूची तारीख दुसऱ्या यादीतून उचलतो. तिकडचे पेपर वाचून ‘फॉलोअप पूर्ण’ (प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते कळलं) हा शब्द आपल्या पेपरात लिहिण्याआधी हा फरक लक्षात ठेवा.

नावांबद्दल एक गोष्ट, कारण तुमच्या फाइलमध्ये एक माणूस दोनदा असण्याची शक्यता चांगलीच आहे. बाई माहेरहून आली तर वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, सासरहून आली तर नवऱ्याचं. लग्नात बदललेलं पहिलं नाव एका कार्डावर, जुनं दुसऱ्यावर. इंग्रजीत टाइप करताना एका ‘शिंदे’ची तीन स्पेलिंगं. नाव, गाव, फोन आणि रोगाची जागा एकत्र लावून जुळवा, आणि संशयित जोड्या माणसानेच बघाव्यात.

आता तुम्ही कुठेतरी वाचलेल्या ‘क्वालिटी इंडिकेटर’बद्दल, म्हणजे डेटाचा दर्जा मोजायच्या ठरावीक निकषांबद्दल. ते लोकसंख्येवर आधारित, म्हणजे एका भागातले सगळे रुग्ण मोजणाऱ्या, रजिस्ट्रीसाठी आहेत, हॉस्पिटलच्या फाइलसाठी नव्हेत. मुंबईची रजिस्ट्री इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली, देशातली अशी पहिली. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय रजिस्ट्री कार्यक्रम १९८१ चा. बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ ची. तिथे आठवड्याला हॉस्पिटलची यादी मागवून भागण्यासारखं नव्हतंच, कारण रुग्ण हॉस्पिटलपर्यंत पोचायचेच असं नाही. गावोगाव जाऊन माणसांशी बोलावं लागलं. अशा ठिकाणी ठरावीक भागातला प्रत्येक रुग्ण मोजायचा असतो, म्हणून विचारतात: सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झालेले किती टक्के, केवळ डेथ सर्टिफिकेटवरून कळलेले किती, नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती. तिथेही आकडा जास्त म्हणजे चांगला असं नाही. शंभर टक्के रुग्ण बायोप्सीने पक्के झालेले दिसले तर मला संशय येतो. स्वादुपिंडाचा, यकृताचा, मेंदूचा कॅन्सर अनेकदा बायोप्सीविनाच ठरतो. ते रुग्ण गेले कुठे? माणसं फक्त पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन याद्या उतरवून आली असणार. डेथ सर्टिफिकेटवरून शून्य रुग्ण सापडले, तर बहुधा सर्टिफिकेटं कुणी जुळवलीच नाहीत. तुमच्या फाइलवरून ‘आमच्या भागात तोंडाचा कॅन्सर वाढतोय’ असं चुकूनही लिहू नका. नवीन रेडिएशन मशीन आलं, योजनेत हॉस्पिटलचं नाव लागलं, शेजारच्या जिल्ह्यातलं मशीन बंद पडलं, तरी तुमचा आकडा वाढतो. भागात माणसं किती हे माहीत नसताना दर काढता येत नाही.

उपचाराच्या रकान्यातही ‘ठरलं’ आणि ‘झालं’ यांची गल्लत असते. प्लॅनमध्ये ३० रेडिएशन लिहिलेली असतात, रुग्ण अठराव्यानंतर सोयाबीन काढायला घरी गेलेला असतो. खरं काय झालं ते मशीनच्या रोजच्या नोंदीत सापडतं. योजनेच्या क्लेममधून आलेली नोंद पैशांसाठी केलेली असते. पैसे कशाचे मिळाले हे ती नेमकं सांगते, स्टेजबद्दल तिला विचारू नका.

फाइल देणारे “मूळ कागद दाखवता येणार नाहीत” म्हणाले तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मग मी ती फाइल परत करीन. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर एक पेपर आला होता. सर्जिस्फीअर नावाच्या कंपनीचा डेटा, शेकडो हॉस्पिटलं, सुमारे ९६ हजार रुग्ण. ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्यात देशाच्या अधिकृत आकड्याहून जास्त निघाले. सहलेखकांनी मूळ डेटा तपासायला मागितला तेव्हा तो मिळाला नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत, ४ जूनला, पेपर मागे घेतला गेला. विषय कोविडचा होता, पण धडा आपल्याही कामाचा आहे. रुग्णाची ओळख झाकून, हॉस्पिटलच्या आवारात बसून, एथिक्स कमिटीच्या परवानगीने केसपेपर पाहणं शक्य असतं. मागावं.

पाहायचे कसे? चिठ्ठ्या टाकून शंभर केसपेपर काढा. तुम्ही आणि आणखी एक जण, एकमेकांचं न बघता, स्टेज, निदानाची तारीख, उपचार आणि शेवटची खबर पुन्हा लिहा. मग फाइलशी ताडा. तुमच्या दोघांतही फरक पडेल, आणि तो फरक म्हणजे केसपेपर किती संदिग्ध आहे याचं माप. शंभरात एकही चूक नाही निघाली म्हणून हुरळू नका. शून्य चुका सापडल्या तरी खरा चुकीचा दर तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच शंभराची तपासणी सांगते. याशिवाय पन्नास केसपेपर मुद्दाम संशयित ठिकाणचे घ्या: स्टेज एक असून सहा महिन्यांत गेलेला, स्टेज चार असून दहा वर्षं जिवंत, मृत्यूनंतर केमो घेतलेला. हो, असे भेटतात. या पन्नासांचा हिशेब त्या शंभरात मिसळू नका.

राहिला रिकाम्या स्टेजचा प्रश्न. सॉफ्टवेअर रिकामी जागा भरतं ते भरलेल्या रुग्णांकडे बघून. म्हणजे स्टेज रिकामी असलेल्या रुग्णासारखाच, पण स्टेज भरलेला, दुसरा कुणीतरी फाइलमध्ये असायला हवा. तुम्ही एवढंच करा: स्टेज रिकामी असलेल्यांपैकी किती जणांनी उपचार घेतले ते मोजा. माझ्या अनुभवात स्टेज नसलेला रुग्ण म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन गेला तो परत आलाच नाही. स्कॅन झाला नाही, म्हणून स्टेज नाही. उपचारही नाही. असे सगळे एकाच गठ्ठ्यात निघाले तर त्यांच्यासारखा भरलेला रुग्ण तुमच्याकडे नाही, आणि सॉफ्टवेअर त्यांना उपचार घेतलेल्यांची स्टेज वाटत बसेल. त्यांना ‘स्टेज माहीत नाही’ असा वेगळा गट म्हणूनच दाखवा. फाइलमधला सगळ्यात वाईट निकाल बहुधा त्याच गटाचा असेल. उलट, रिकाम्या जागा सगळीकडे विखुरलेल्या असतील, उपचार घेतलेल्यांतही आणि जिवंत असलेल्यांतही, तर भरून घ्या. फक्त भरण्याआधी आणि नंतरचे दोन्ही निकाल छापा.

फोन करायला माणसं नाहीत म्हणालात. सगळ्यांना करू नका. पत्ता नसलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून दीडशे काढा आणि तेवढ्यांचाच पिच्छा पुरवा. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात माणसं घरी सापडतात. पेरणीच्या नि सुगीच्या दिवसांत नाही सापडत, तेव्हा आत्ताच सुरू करा.